नदीतला गळ आणि तळ्यातला गळ

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडतो. ओढे भरून वाहू लागतात. गढूळ पाणी शेताच्या बांधाला लागते. त्या पाण्यात मासे उलटे चढतात. यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. कोकणात याला वळगण म्हणतात. माशांच्या पोटात गाभोळी असते. अंडी घालायला जागा हवी म्हणून ते चढतात. त्या दिवसांत कोणी जाळे लावतो, कोणी टोपली लावतो, कोणी नुसत्या हातांनी मासे धरतो. हे सगळे आपल्या ओळखीचे आहे.

असेच चढणारे मासे अमेरिकेतही आहेत. पण त्यांची चढण फार लांबची. आपला मासा नदीतून शेतात येतो. तिकडचा मासा समुद्रातून निघतो आणि डोंगरापर्यंत जातो. अशा दोन माशांची माहिती या पाठात आम्ही देत आहोत. एकाचे नाव सॅमन. दुसऱ्याचे नाव स्टीलहेड. स्टील म्हणजे पोलाद आणि हेड म्हणजे डोके. या माशाच्या डोक्यावर पोलादासारखी निळसर झाक असते.

हे मासे लोक नदीत धरतात आणि मोठ्या तळ्यांतही धरतात. मासा तोच असतो, पण धरण्याची रीत वेगळी. का वेगळी, ते पाहू.

आधी सॅमनची ओळख करून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिमेला पॅसिफिक महासागर आहे. त्या किनाऱ्याला सॅमनच्या पाच जाती मिळतात. सर्वांत मोठी जात चिनूक. १९८५ मध्ये अलास्कातल्या केनाई नदीत एका माणसाच्या गळाला ४४ किलोचा चिनूक लागला. जवळजवळ अर्धा क्विंटल मासा, आणि तोही गळाला! अर्थात, नेहमीचा चिनूक याहून पुष्कळ लहान असतो.

सॅमन जन्मतो नदीत. पाणी थंड आणि स्वच्छ लागते. अंडी गोट्यांच्या खाली असतात. पिल्लू थोडे मोठे झाले की नदीबरोबर समुद्रात जाते. तिथे काही वर्षे खाऊन-पिऊन माजते. मग एके दिवशी परत फिरते. परत कुठे येते? ज्या नदीत जन्मले त्याच नदीत! पाण्याच्या वासावरून ते आपली नदी ओळखते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचे सारे तिच्यावर आहे. नदीत शिरला की सॅमन खाणे सोडतो. अंगात साठवलेल्या चरबीवरच तो सगळी चढण चढतो. चरबी जळते, चकाकी जाते, अंग काळपट किंवा तांबडे होते. मांसही फिके पडते. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते आणि अंडी घालते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर-मादी दोघेही मरतात. पाचही जातींचे असेच आहे.

स्टीलहेडचे तसे नाही. हा मुळात रेनबो ट्राउट नावाचा मासा. या जातीतले काही मासे जन्मभर नदीतच राहतात. काही समुद्रात जातात, मोठे होतात आणि परत येतात. जे समुद्रात जाऊन येतात त्यांना स्टीलहेड म्हणायचे. एका घरातले दोन भाऊ. एक गावी शेती करतो, दुसरा मुंबईला जाऊन येतो, तसेच म्हणा ना. स्टीलहेड अंडी घातल्यावर मरतोच असे नाही. पुष्कळ मरतात, पण काही समुद्रात परत जातात आणि पुन्हा एकदा चढून येतात.

मग तुम्ही विचाराल, जो मासा खातच नाही, तो नदीत गळाला लागतो कसा?

तो भुकेने लागत नाही. रागाने लागतो, नाहीतर जुन्या सवयीने. डोहात दमून पडलेल्या सॅमनच्या तोंडासमोरून काही चकाकत गेले की तो चिडून त्याला तोंड मारतो. म्हणून नदीत गळ टाकणाऱ्याला माशाची बसण्याची जागा ठाऊक पाहिजे. मासा जवळ येईल याची वाट पाहत बसून भागत नाही. आमिष त्याच्या तोंडाशीच न्यावे लागते.

जागा कशी ओळखतात? चढणारा मासा दमतो. विसाव्याला तो अशी जागा बघतो, की जिथे धार फार जोराची नाही आणि पाणी अगदी साचलेलेही नाही. मोठ्या दगडाच्या मागे, खळाळाच्या वर, डोहाच्या तोंडाशी तो थांबतो. तिकडचे जुने मासेमार एक खूण सांगतात. माणूस जितक्या वेगाने चालतो, तितक्या वेगाने जिथे पाणी वाहते, तिथे स्टीलहेड शोधावा. चिनूक त्याहून खोल डोहात बसतो.

पाण्याचा रंगही बघतात. पूर चढत असताना, पाणी चहासारखे गढूळ असताना गळ टाकणे फुकट. पूर उतरू लागला, पाणी निवळून हिरवट दिसू लागले, की काठावर गर्दी होते. ही गोष्ट आपल्याकडच्या भोयांना आणि कोळ्यांना वेगळी सांगायला नको.

आमिष म्हणून पुष्कळ जण सॅमनचीच गाभोळी वापरतात. ती गळाला बांधतात, वर एक बूच तरंगत ठेवतात आणि धारेबरोबर सोडतात. आमिष तळाच्या जरा वरून वाहत गेले पाहिजे. स्टीलहेडला ही गाभोळी आवडते. सॅमन अंडी घालत असला की त्याच्या मागे स्टीलहेड टपून बसतो आणि वाहून आलेली अंडी गिळतो. तरी स्टीलहेड सहजासहजी हाती लागत नाही. हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एक स्टीलहेड मिळतो, असे तिकडे म्हणतात. हे थट्टेत म्हणतात, पण हिवाळ्यात गार पाण्यात कमरेपर्यंत उभे राहणाऱ्याला ती थट्टा वाटत नसेल.

नदीत माशाची वाट एकच असते, आणि ती अडवणे सोपे असते. आपल्या ओढ्यालाही आडवे जाळे लावले की वर एक मासा जात नाही. अमेरिकेत जाळ्यांनी नुकसान झालेच. पण त्याहून मोठी आडकाठी धरणांनी घातली.

कोलंबिया ही तिकडच्या पश्चिमेची मोठी नदी. १८६६ पासून तिच्या काठी सॅमन डब्यांत भरण्याचे कारखाने निघाले आणि बेसुमार मासे धरले गेले. पुढे नदीवर धरणे आली. बॉनव्हिल धरण १९३८ मध्ये सुरू झाले. तिथे माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट ठेवली होती. मासा एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात उडी घेत वर जातो. त्या वाटेला काचेची खिडकी आहे. खिडकीपाशी माणसे बसून चढणारे मासे मोजतात. पण वरच्या अंगाला ग्रँड कूली हे प्रचंड धरण बांधले, त्याला अशी वाट ठेवलीच नाही. ते १९४२ मध्ये पुरे झाले. त्याच्या वरच्या नदीत सॅमनचे येणे बंद पडले.

याच नदीवर सेलिलो नावाचा धबधबा होता. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे लाकडी माचांवर उभे राहून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी सॅमन धरत. १८५५ मध्ये सरकारने त्यांच्याशी करार केला होता, की तुमच्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क तुमचाच राहील. पण १९५७ च्या मार्चमध्ये डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. धरणाखाली जागा जाणे म्हणजे काय, हे कोयनेच्या आणि उजनीच्या लोकांना आम्ही काय सांगणार! कराराची कागदे मात्र वाया गेली नाहीत. त्याच काळातल्या करारांवरून १९७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला. धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्या माशांवर करार केलेल्या जमातींचा हक्क आहे, असे त्यांनी ठरवले.

कोलंबियाच्या एका फाट्याने सॅमन समुद्रापासून सुमारे १,४०० किलोमीटर आत, २,००० मीटर उंचीवरच्या रेडफिश सरोवरात जातो. १९९२ मध्ये तिथे किती सॅमन पोहोचले? एक! फक्त एक नर.

आता तिकडे सरकारी केंद्रांत अंडी उबवतात आणि पिल्ले नदीत सोडतात. सोडण्यापूर्वी बहुतेक पिल्लांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापतात. त्याने माशाला अपाय होत नाही, पण खूण राहते. स्टीलहेड गळाला लागला की धरणारा आधी तो पर बघतो. पर नसला तर मासा केंद्रातला. तो घरी नेता येतो. पर असला तर मासा नदीतच जन्मलेला. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन राज्यांच्या बहुतेक नद्यांत असा स्टीलहेड सोडून द्यावाच लागतो. त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवायचा. गळाला उलटा काटा नसावा, असाही पुष्कळ ठिकाणी नियम आहे.

धरणे काही ठिकाणी काढूनही टाकली. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये पाडली. २०२४ च्या ऑक्टोबरात, काम संपल्यावर थोड्याच दिवसांत, सॅमन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले. एवढी वर्षे तिथे पाऊल, म्हणजे पर म्हणा, नव्हता!

आता तळ्याकडे वळू. तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावचे तळे येते. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेजवळची पाच तळी तशी नाहीत. त्यांतले एकटे मिशिगन सरोवर महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी गोडे, पण लाटा समुद्राच्या.

सॅमन तिथला नव्हे. स्टीलहेडही तिथला नव्हे. स्टीलहेडची जात १८७६ पासून कॅलिफोर्नियाहून आणून तिथल्या नद्यांत सोडली. सॅमन आला तो एका संकटामुळे. कालव्याच्या वाटेने लॅम्प्रे नावाचा एक रक्तपिपासू जीव वरच्या तळ्यांत शिरला. जळवेसारखा तो माशाला चिकटतो. त्याने तिथले मोठे मासे मारले. मोठे मासे गेल्यावर एलवाइफ नावाची छोटी मासळी मोकाट वाढली. १९६७ मध्ये ती इतकी मेली, की मिशिगनच्या काठावर सडक्या मासळीचे ढीग लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, हॉवर्ड टॅनर या मत्स्य-अधिकाऱ्याने कोहो जातीच्या सॅमनची पिल्ले सोडायला लावली होती. पुढच्या वर्षी चिनूक सोडले. सॅमनने एलवाइफ खाल्ली आणि तो भराभर वाढला.

लोक वेड्यासारखे तळ्यावर धावले. १९६७ च्या सप्टेंबरात वादळ होणार अशी सूचना मिळूनही लहानसहान होड्या आत गेल्या, आणि सात माणसे गेली. तळ्यातला हा धोका आहे. नदीत पाय घसरतो, तळ्यात वारा फिरतो.

तळ्यातला सॅमन भुकेला असतो. हाच मोठा फरक. तो दिवसभर एलवाइफच्या मागे हिंडतो. तेव्हा त्याला चिडवायला नको, त्याचे खाणेच दाखवायचे. पण एवढ्या पाण्यात तो शोधायचा कुठे? इथे पाण्याचा गारवा उपयोगी पडतो. उन्हाळ्यात तळ्याचे वरचे पाणी तापते, खालचे गार राहते. चिनूकला १० ते १३ अंशांचे गार पाणी मानवते. तेवढे गार पाणी जितके खोल, तितका चिनूक खोल. म्हणून होडीवाले आधी पाण्याची उष्णता मोजतात. मग पोलादी तारेला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा बांधून खाली सोडतात. गळाचा दोरा त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवतात. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो, आणि गोळ्याचे ओझे न राहता मासा ओढता येतो. स्टीलहेड पुष्कळदा वरच्या थरात, काठापासून दूर सापडतो. वाऱ्याने पाण्यावर कचऱ्याची आणि किड्यांची रेघ जमते, तिथे तो किडे टिपत असतो.

होडी किती वेगाने चालवतात? ताशी तीन ते पाच किलोमीटर. म्हणजे पुन्हा माणसाच्या चालीनेच! नदीत पाणी चालते आणि माणूस उभा राहतो. तळ्यात पाणी उभे आणि होडी चालते. आमिष मात्र दोन्हीकडे सारख्याच चालीने जाते.

खायला तळ्यातला मासा सरस. त्याची चरबी जळलेली नसते आणि मांस तांबडे असते. पण त्या तळ्यांत पूर्वी कारखान्यांची रसायने गेली आणि ती माशांच्या चरबीत साठतात. म्हणून कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचे तक्ते तिथले सरकार काढते.

नदीत प्रश्न वाटेचा आहे. तळ्यात प्रश्न चाऱ्याचा आहे. गायरानात चारा असेल तेवढीच गुरे पोसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ह्यूरन सरोवरात हे विसरले गेले, असे आमचे मत आहे. तिथे चिनूक फार झाले. शिवाय जहाजांतून परदेशी शिंपले आले आणि छोट्या माशांचे सूक्ष्म अन्न गाळून खाऊ लागले. २००४ च्या सुमारास एलवाइफ जवळजवळ संपली, आणि तिच्यामागून चिनूकही गेला. काठच्या गावांत होड्यांचा आणि खानावळींचा धंदा बसला. स्टीलहेड मात्र टिकला, कारण त्याला किडा चालतो, दुसरी मासळी चालते. चिनूकला एलवाइफच हवी.

शेजारच्या मिशिगन सरोवराच्या काठी लोकांनी हे पाहिले. २०१३ मध्ये तिथे चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. पिल्ले कमी सोडली तर मासे कमी मिळतील, अशी धास्ती ज्यांचे पोट होडीवर, त्यांना वाटणारच. २०२१ मध्ये त्याच सरोवरात लडिंग्टन गावाजवळ २१ किलोंहून जड चिनूक गळाला लागला. मिशिगन राज्यात गळाने धरलेला एवढा जड चिनूक तोवर नोंदलेला नव्हता.