खाऱ्या वाऱ्यातल्या रेकॉर्डी

जुन्या जॅझच्या रेकॉर्डी मिळत नाहीत, अशी तक्रार ऐकली की मला हसू येतं. मिळतात हो. पण मिळाल्यावर त्या कोकणात टिकत नाहीत, खरं दुखणं ते आहे. आमच्या दिघीत खाडीवरचा वारा दाराच्या कड्या खातो, तिथं पुठ्ठ्याच्या कव्हराची काय कथा!

माझे काका मुंबईत गोदीत होते. पगार झाला की त्यांची चोर बाजारात, मटण स्ट्रीटला फेरी ठरलेली. गाण्यांच्या रेकॉर्डींवर उड्या पडत. नुसत्या वाद्यांच्या रेकॉर्डींना गिऱ्हाईक नसे, म्हणून त्या स्वस्तात पडत. काकांची रसिकता अशी खिशाला धरून वाढली. त्यातून शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ घरात आली. एचएमव्हीनं ती १९६८ साली काढली. अकरा राग, रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम. तोडीपासून भैरवीपर्यंत सगळं थोडक्यात, पण कुठेही उरकल्यासारखं नाही. ब्राझ गोन्साल्विस यांची ‘रागा रॉक’ ही ईपीही त्यात होती, आणि चिक चॉकलेटच्या काही जुन्या ७८च्या तबकड्या. आल्दोन्याचे अँतोनियो झेव्हियर वाझ ते हेच. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) जो ट्रम्पेट खिदळतो, त्यामागे हे गृहस्थ.

निवृत्तीनंतर हा सगळा ढीग गावी आला. काकांनी अर्ध्या रेकॉर्डी ओटीवरच्या उघड्या फळीवर उभ्या लावल्या. उरलेल्या काकूंनी जाड प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून माळ्यावर ठेवल्या. फळीवरच्या रोज वाजत, म्हणून त्या झिजणार आणि माळ्यावरच्या नव्या राहणार, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरच चढलं. कौलं गेली, माळ्यावर पाणी आलं. प्लॅस्टिकची गाठोडी उघडली तर पाणी फार आत गेलंच नव्हतं, पण कव्हरं एकमेकांना चिकटलेली आणि खाचांतून पांढरी बुरशी पसरलेली. ती वादळाची नव्हे, आधीच्या कित्येक पावसाळ्यांची कमाई होती. ओटीवरच्या भिजल्या, पण त्यांना बुरशी नव्हती. पुढचा घात उन्हानं केला. ऊन पडताच मदतीला आलेल्या मंडळींनी गाद्यांबरोबर काही रेकॉर्डीही पत्र्यावर वाळत घातल्या. दुपारपर्यंत त्यांचे पापड झाले. त्यातली एकही सरळ करता आली नाही.

तेव्हा भिजलेली रेकॉर्ड आधी कव्हरातून बाहेर काढा आणि सावलीत, वाऱ्यावर उभी करा. कागद चिकटला असेल तर कोरडा ओढू नका, आधी पाण्यानं मऊ होऊ द्या. बुरशीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाच्या द्रावाचे दोन थेंब आणि मऊ कापड; हात खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून काढायचं. मधलं लेबल कोरडंच राहिलं पाहिजे. स्पिरिटची बाटली मात्र लांब ठेवा. ७८च्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आपल्याकडे अशा तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे जुन्या ढिगात त्या एलपींमध्ये मिसळलेल्या सापडतातच. वजनाला जड आणि कडक लागली की समजावं.

ठेवायच्या त्या उभ्या, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर, वाळवीच्या वाटेवर नव्हे. प्लॅस्टिकचं कव्हर चालेल, पण त्याचं तोंड उघडं असावं. पावसाळ्यात अधूनमधून प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून वाजवा. वाजवण्यानं झीज होते, हे खरं; पण ती मुख्यतः वाईट सुईनं. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात, पण त्यांचा हात जड. चांगल्या प्लेअरमध्ये सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. ७८ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद, तिला वेगळी सुई लागते. एकाच सुईवर दोन्ही वाजवणाऱ्याला मी माझी रेकॉर्ड हातात देत नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

विकत घेताना तबकडी उजेडात तिरपी धरा. नखाला लागणारा ओरखडा कानालाही लागणारच. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली अक्षरं वाचा. मूळ प्रत की नंतरची, याचा माग तिथं लागतो. मुंबईतल्या एका विक्रेत्यानं मला नंतरची छपाई मूळ म्हणून दाखवली होती. ती अक्षरं वाचून दाखवताच भाव निम्म्यावर आला आणि मी ती आनंदानं घेतली, कारण आवाज उत्तम होता.

मूळ प्रतीचा हट्ट मला तसाही कळत नाही. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा १९६०च्या दशकात लंडनला गेले. तिथं १९६९मध्ये त्यांची ‘इंटिग्रेशन’ निघाली आणि जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’ही. त्यांच्या मूळ प्रती आज परदेशात शेकडो पौंडांना जातात. एवढी महागडी वस्तू दिघीच्या पावसाळ्यात ठेवायची म्हणजे दर रात्री उठून कौलं पाहणं आलं. मी नवी छपाई घेईन आणि उरलेल्या पैशांत ओटीचं छप्पर शाकारीन.