वाळवंटातील वाटाड्या

आफ्रिका खंडाच्या उत्तर भागात, अटलांटिक महासागरापासून तांबड्या समुद्रापर्यंत, सहारा हे जगातील सर्वांत मोठे उष्ण वाळवंट पसरलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भारत देशाच्या पावणेतीनपट आहे. सहारा म्हटले की वाळूचा अथांग सागर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु वाळूने त्याचा सुमारे चौथा हिस्साच व्यापलेला आहे. उरलेला प्रदेश खडकाळ पठारांचा, दगडगोट्यांच्या माळांचा आणि उघड्याबोडक्या डोंगरांचा आहे. या उजाड प्रदेशात जेथे भूमीच्या पोटातील पाणी वर येते किंवा थोडे खणताच हाती लागते, तेथे खजुरीची बने डोलू लागतात, त्यांच्या छायेत धान्य व फळे पिकतात आणि माणसे वस्ती करून राहतात. अशा स्थळाला मरूद्यान असे म्हणतात. एका मरूद्यानापासून दुसरे मरूद्यान पुष्कळदा कित्येक दिवसांच्या वाटेवर असते. मोटारगाड्या येण्यापूर्वी शेकडो वर्षे हे अंतर माणसाने उंटाच्या साह्याने तोडले.

उंटाची शरीररचना जणू या कामासाठीच घडली आहे. त्याच्या पाठीवरील मदारीत पाणी नसते, चरबी असते. चारा मिळेनासा झाला की ती शिदोरीसारखी उपयोगी पडते. दाट पापण्या डोळ्यांना वाळूपासून जपतात आणि वादळात नाकपुड्या मिटून घेता येतात. पायाचे तळवे रुंद व मऊ असल्यामुळे ते भुसभुशीत वाळूत रुतत नाहीत. तहानेने शरीराचे वजन चौथ्या हिश्श्याने घटले तरी उंट तग धरतो आणि पाणी भेटताच थोड्या वेळात शंभर लिटरांच्या आसपास पाणी पिऊन पूर्ववत होतो. असे असले तरी उंटाच्या अंगी एक गोष्ट नाही. पुढची विहीर कोणत्या दिशेस आहे, हे त्याच्यावर बसलेल्या माणसालाच जाणावे लागते. ते जाणणारा मनुष्य म्हणजे वाटाड्या.

सहाराच्या दक्षिणेकडील राज्यांत सोने विपुल होते, पण मीठ दुर्मिळ होते. वाळवंटाच्या मध्यभागी मिठाच्या खाणी होत्या. त्यामुळे उत्तरेकडून कापड व खजूर आणि वाटेतून मीठ घेऊन व्यापाऱ्यांचे तांडे दक्षिणेस जात आणि सोने घेऊन परत येत. अशाच एका तांड्याबरोबर इ. स. १३५२ मध्ये इब्न बतूता या विख्यात प्रवाशाने सहारा ओलांडला. मोरोक्कोतील टँजिअर या नगरात १३०४ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने एकविसाव्या वर्षी घर सोडले आणि अरबस्तान, भारत, चीन असा दूरदूरचा प्रवास केला. दिल्लीस मुहंमद तुघलकाच्या पदरी तो काजी होता. १३४२ मध्ये दिल्ली सोडून समुद्रकिनाऱ्याकडे जाताना तो आपल्या महाराष्ट्रातील दौलताबाद व नंदुरबार या गावांवरूनही गेला होता. इतकी पृथ्वी पाहिलेल्या या माणसालाही सहाराच्या वाळूत पाऊल टाकताना दुसऱ्याच्या ज्ञानावर विसंबून राहावे लागले.

वाळवंटाच्या उत्तर सीमेवरील सिजिल्मासा हे संपन्न मरूद्यान तेव्हा तांड्यांचे मोठे ठाणे होते. तेथील खजूर उत्कृष्ट म्हणून नावाजलेले होते. तेथे इब्न बतूता ज्या विद्वानाच्या घरी उतरला, त्याचा भाऊ त्याला पूर्वी चीन देशात भेटलेला होता! सिजिल्मासा येथे त्याने उंट खरेदी केले आणि त्यांना चार महिने पुरेल इतका चारा बरोबर घेतला. फेब्रुवारी महिन्यात तांडा निघाला. मसूफा नावाच्या वाळवंटी जमातीतील एक पुरुष त्याचा नायक होता.

पंचवीस दिवस चालल्यावर तांडा तगाझा या गावी पोहोचला. हे गाव मोठे विलक्षण होते. तेथे एकही झाड नव्हते. घरांच्या भिंती मिठाच्या लाद्यांच्या आणि छपरे उंटाच्या कातड्यांची होती. मशीदसुद्धा मिठाचीच होती. जमिनीखालून मिठाच्या जाड लाद्या खणून काढीत आणि एका उंटावर दोन लाद्या लादीत. हे कष्टाचे काम मसूफांच्या गुलामांकडून करवून घेतले जाई. त्यांच्या तोंडी पडणारा खजूर उत्तरेकडून आणि धान्य दक्षिणेकडून येत असे. तगाझ्यात ज्या मिठाने भिंती बांधीत, त्याच मिठाचे तुकडे दक्षिणेत नाण्यांसारखे चालत. ज्या वस्तूची घरी किंमत नाही तिला दूरदेशी केवढे मोल येते, याचे हे उत्तम उदाहरण होय. तगाझ्याचे पाणी मचूळ होते आणि माशांचा उपद्रव फार होता. तशा स्थितीत दहा दिवस काढून व तेच पाणी पखालींत भरून तांडा पुढे निघाला.

आता पुढे दहा दिवसांची निर्जल वाट होती. सुदैवाने त्या वर्षी पाऊस पडून गेलेला असल्यामुळे ठिकठिकाणी डबकी साचली होती. एके दिवशी दोन खडकाळ टेकड्यांच्या मध्ये गोड पाण्याचे तळे लागले. सर्वांनी मनसोक्त पाणी पिऊन आपले कपडेही धुतले. पाणी मिळत असल्यामुळे लोक निर्धास्त झाले. काही जण तांड्याच्या पुढे निघून जात आणि चारा दिसेल तेथे जनावरे चरावयास सोडीत. अशा वेळीच एक दुर्घटना घडली. तांड्यातील इब्न झीरी नावाच्या एका माणसाचे आपल्या मामेभावाशी भांडण झाले. एकमेकांस अपशब्द बोलून झाल्यावर तो मागे रेंगाळला. मुक्कामाच्या जागी तांडा उतरला, तेव्हा त्याचा पत्ता नव्हता. एखाद्या मसूफा माणसाला पैसे देऊन त्याचा माग काढावा, असे इब्न बतूताने त्याच्या भावाला सुचविले. पण त्याने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी एका मसूफा माणसाने मोबदला न घेता आपण होऊन शोध केला. पावलांचे ठसे कधी वाटेवर दिसत, कधी वाटेबाहेर जात. शेवटी माणूस काही सापडला नाही.

पुढे वाटेत दुसरा एक तांडा भेटला. त्यांचेही काही सोबती चुकले होते. त्यांपैकी एक जण एका लहानशा झुडपाखाली मरून पडलेला आढळला. अंगावर कपडे तसेच होते आणि हातात चाबूक होता. तेथून पाणी अवघे मैलभर अंतरावर होते! पाणी जवळ असूनही ते कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर ते नसल्यासारखेच असते. इब्न झीरी हरवल्यापासून इब्न बतूता कधीही तांड्याच्या पुढे गेला नाही की मागे राहिला नाही.

या प्रदेशात वाट अशी नव्हतीच. वारा वाळू उडवीत नेई. आज एका जागी दिसणारी वाळूची टेकडी काही काळाने दुसऱ्याच जागी दिसे. पाऊलखुणा पुसल्या जात. अशा ठिकाणी वाटाड्याचे नेत्र किती तीक्ष्ण असावेत, असे कोणासही वाटेल. परंतु या तांड्याचा वाटाड्या एका डोळ्याने आंधळा होता आणि त्याचा दुसरा डोळाही दुखरा होता! तरीही त्याच्याइतकी ती वाट दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती. हे पाहून इब्न बतूता चकित झाला. अनेक वेळा ये-जा करून मिळविलेला अनुभव आणि कुशाग्र बुद्धी हेच वाटाड्याचे खरे डोळे असतात, असे त्याच्या ध्यानी आले.

वाळवंटातील वाटाडे पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जपत आले आहेत. रात्री ध्रुवतारा त्यांना उत्तर दिशा दाखवितो. दिवसा सूर्य व वारा साह्य करतात. वारा ज्या बाजूने वाहतो त्या बाजूला टेकडीचा चढ सौम्य असतो आणि पलीकडील उतार तीव्र असतो. नेहमीचा वारा कोणत्या दिशेचा हे माहीत असले, म्हणजे टेकडीच्या आकारावरूनही दिशा ताडता येते. वाळूचा रंग, खडकांची ठेवण, झुडपांची जात, उंटांची वाळलेली लीद या साऱ्या खुणा जाणत्याला बोलक्या वाटतात.

वाटाड्याइतकेच महत्त्व आणखी एका माणसाला होते. त्याला ताकशीफ असे म्हणत. तासरहला नावाच्या पाणवठ्यावर तांडे तीन दिवस विसावा घेत. तेथे पखाली दुरुस्त करून भरीत आणि वाऱ्याने पाणी सुकू नये म्हणून त्यांच्याभोवती गोणपाट शिवीत. तेथून ताकशीफ एकटाच पुढे वलाता नगराकडे रवाना होई. व्यापारी आपल्या तेथील मित्रांच्या नावे त्याच्याजवळ पत्रे देत. ती पोहोचताच वलातातील लोक पाणी घेऊन चार मजला सामोरे येत. परंतु ताकशीफ वाटेत मरण पावला, तर तांड्याची वार्ता नगरात पोहोचत नसे. पाणी घेऊन कोणी येत नसे आणि सगळा तांडा किंवा त्यातील बहुतेक लोक तहानेने प्राणास मुकत. इब्न बतूताच्या तांड्याने मसूफा जमातीचा एक ताकशीफ १०० मिस्काल सोने देऊन नेमला. एक मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. त्या एका माणसाच्या पायांवर साऱ्यांचे प्राण अवलंबून होते, हे पाहता ते वेतन अधिक होते असे म्हणता येणार नाही.

ताकशीफ दृष्टीआड झाला. तो जिवंत आहे की नाही हे कळण्यास काहीच उपाय नव्हता. पखालींतील पाणी दिवसेंदिवस कमी होत होते आणि मागे फिरणेही आता सोपे नव्हते. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. सातव्या रात्री दूर अंधारात ज्वाला चमकताना दिसल्या. सामोऱ्या आलेल्या लोकांनी पेटविलेल्या त्या शेकोट्या होत्या. त्या पाहताच तांड्यात आनंदीआनंद झाला. ताकशीफ पोहोचला होता. त्याने आपला शब्द पाळला होता आणि वलाताच्या लोकांनीही आपला पाळला होता.

येथून पुढे उन्हाचा ताप असह्य झाला. म्हणून तांडा तिसऱ्या प्रहरी निघून रात्रभर चाले व सकाळी मुक्काम करी. अखेर एप्रिल महिन्यात, सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर, तांडा वलातास पोहोचला. तेथे खजुरीची थोडी झाडे होती आणि त्यांच्या सावलीत कलिंगडांची लागवड केलेली होती. माली राज्याचे हे उत्तरेकडील पहिले नगर होते. सिजिल्मासा ते वलाता हे सरळ रेषेतील अंतरही दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे.

आज सिजिल्मासा नगर उरलेले नाही. मोरोक्कोतील रिसानी गावाजवळ त्याचे अवशेष तेवढे दिसतात. तगाझाही ओसाड पडले आहे. वलाता आता मॉरिटानिया देशात असून १९९६ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. रिसानीपासून जवळच मेरझूगा येथे वाळूच्या उंच टेकड्या आहेत. देशोदेशींचे प्रवासी तेथे हौसेने येतात, उंटावर बसतात आणि रात्री तंबूत मुक्काम करतात. उंटांची रांग दोरीने बांधलेली असते आणि सर्वांत पुढच्या उंटाची दोरी धरून वाटाड्या पायी चालत असतो. पाठीवरचा प्रवासी सूर्यास्ताची शोभा पाहतो. वाटाड्याचे लक्ष मात्र पायांखालच्या वाळूकडे असते.

स्वदेशी परतल्यावर इब्न बतूताने सुलतानाच्या आज्ञेवरून आपल्या प्रवासाची हकीकत सांगितली आणि ती लिहून घेतली गेली. म्हणून सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा प्रवास आज आपल्याला वाचावयास मिळतो. त्या हकीकतीत राजांची, विद्वानांची व व्यापाऱ्यांची पुष्कळ नावे आहेत. पण ज्या अधू डोळ्याच्या माणसाने तांड्याला वाट दाखविली आणि ज्या एकट्या माणसाने पुढे जाऊन पाणी आणविले, त्या दोघांची नावे मात्र तीत आलेली नाहीत.

स्वाध्याय

१. तगाझा गावाचे वर्णन पाच-सहा वाक्यांत करा.
२. ताकशीफ वाटेत मरण पावल्यास तांड्यावर कोणते संकट येई व का?
३. ‘अनुभव आणि कुशाग्र बुद्धी हेच वाटाड्याचे खरे डोळे असतात.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आफ्रिकेच्या नकाशात टँजिअर, सिजिल्मासा (रिसानी) व वलाता ही ठिकाणे दाखवा.
५. आपल्या गावाच्या परिसरात रानवाटा जाणणारे कोणी वृद्ध गृहस्थ असतील, तर त्यांना भेटून ते कोणत्या खुणांवरून वाट ओळखतात याची माहिती लिहून आणा.