हवामानबदल : लोकांचा अनुभव आणि शास्त्राचा निर्वाळा

पावसाने ताण दिला, अवकाळी गारपीट झाली किंवा नदीला अवचित पूर आला, की “हवामानच बदलले” असे उद्गार हल्ली गावोगावच्या पारावर ऐकू येतात. लोकांच्या या समजुतीला आधार कितपत आहे आणि ग्रामपंचायतींनी तिची दखल कशी घ्यावी, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

पाहणीचे निष्कर्ष

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासगटाने या विषयावरील भारतीय लोकमताची पाहणी २०११ मध्ये व पुन्हा २०२१-२२ मध्ये केली. दुसऱ्या पाहणीत ४,६१९ प्रौढ व्यक्तींना प्रश्न विचारण्यात आले. त्यांपैकी ५४ टक्के लोकांना जागतिक तापमानवाढीविषयी अगदी थोडी माहिती होती किंवा त्यांनी तिचे नावही ऐकले नव्हते. मात्र तिचा अर्थ थोडक्यात समजावून सांगताच ८४ टक्के लोकांनी ती घडत असल्याचे मान्य केले. तिचे परिणाम आपण स्वतः अनुभवले, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०११ मधील ५० टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेले. शब्द अपरिचित असला तरी अनुभव परिचयाचा आहे, असा याचा अर्थ होतो.

शास्त्र काय सांगते?

हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले, की बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. साहजिकच पाऊस पडू लागला, म्हणजे तो अधिक जोराने पडण्याचा संभव वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधील उष्णतेच्या लाटेची शक्यताही तापमानवाढीमुळे सुमारे ३० पट वाढली होती, असे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाला आढळले. लोकांच्या अनुभवाला शास्त्राचा असा दुजोरा मिळतो.

सर्व दोष हवामानाचा नव्हे

तथापि, प्रत्येक आपत्तीचे खापर हवामानबदलावर फोडणे योग्य होणार नाही. महाराष्ट्राने १९७२ चा भीषण दुष्काळ सोसला, तेव्हा हा शब्द लोकांच्या कानावरही आला नव्हता. पावसाचा लहरीपणा पूर्वापार आहे. तापमानवाढीने त्यात भर पडते, एवढेच म्हणता येते. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाची मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर इतकी नोंद झाली. पाऊस असामान्य होता, हे खरे. परंतु मिठी नदीचे पात्र अतिक्रमणांनी व भरावांनी आक्रसले होते, हेही तितकेच खरे. पाऊस माणसाच्या हाती नसतो. ओढ्याचे पात्र मोकळे ठेवणे मात्र त्याच्या हाती असते. “हवामान बदलले” हे वाक्य कर्तव्यातून सुटण्याची सबब ठरता कामा नये.

शाळा व पंचायतींचे कार्य

स्मरणशक्ती फसवी असते. अलीकडचा पूर मोठा वाटतो, मागचा विसरला जातो. म्हणून नोंद हवी. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा निकष लावला जात आला आहे. मंडळातील पर्जन्यमापक दूर असेल, तर गावात प्रत्यक्ष किती पाऊस पडला याचा अंदाज त्यावरून येईलच असे नाही. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांकडून पाऊस मोजून घेता येईल. ही नोंद शासकीय नोंदीची जागा घेणार नाही. परंतु पुराची पातळी, कोरड्या पडलेल्या विहिरी व पिकांचे नुकसान यांच्या तपशिलासह ती दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवल्यास पारावरच्या चर्चेला पुराव्याची जोड मिळेल. ओढ्याची सफाई आधी करावयाची की बंधाऱ्याची दुरुस्ती, याचा निर्णयही मग अंदाजावर सोडावा लागणार नाही.