ईदचें एक पोस्टाचें तिकीट

पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा नाद ज्या विद्यार्थ्यांस असतो, ते बहुधा चित्र पाहून तिकीट निवडतात. पक्षी, आगगाडी, राजाराणी यांचीं तिकिटें वहींत आधीं चिकटतात. नुसतीं अक्षरें असलेलें तिकीट मागें पडतें. आज आम्ही अशाच एका बिनचित्राच्या तिकिटाची हकीकत सांगणार आहों. गडद निळ्या जमिनीवर सोनेरी अरबी अक्षरांत ‘ईद मुबारक’ हे दोन शब्द, त्यांखालीं इंग्रजींत ईदच्या शुभेच्छा, आणि किंमत ३४ सेंट. हें तिकीट कोणा मुसलमानी राष्ट्राचें नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें होय. १ सप्टेंबर २००१ रोजीं इलिनॉय संस्थानांतील डेस प्लेन्स ह्या गांवीं तें प्रथम विक्रीस निघालें.

तिकिटावर ‘ईद’ एवढेंच म्हटलें आहे. कोणती ईद, तें सांगितलेलें नाहीं. रमजानचे उपास संपल्यावर येते ती ईद-उल-फित्र, म्हणजे आपली रमजान ईद. आणि ईश्वराच्या आज्ञेवरून अब्राहाम पुत्रार्पणास सिद्ध झाला, त्याच्या स्मरणार्थ होते ती ईद-उल-अजहा, म्हणजे बकरी ईद. ही दुसरी कथा आमच्या शास्त्रवर्गांतील मुलांस उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायावरून ठाऊक आहेच. तेथें पुत्राचें नांव इसहाक आहे. मुसलमान बहुतकरून इश्माएल मानितात. हे तिकीट दोन्ही सणांस चालावें अशी योजना होती. तारीख घालणें तर शक्यच नव्हतें. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें; आपल्या पंचांगांत अधिक मास घालून तें ऋतूंशीं जुळवून घेतात, मुसलमानी गणनेंत तसें करीत नाहींत. त्यामुळें ईद दर वर्षीं दहाअकरा दिवस अलीकडे सरकते. सन २००० मध्यें तर रमजान ईद दोनदां आली, एकदां जानेवारींत व एकदां डिसेंबरांत!

हीं अक्षरें लिहिणारे गृहस्थ मोहम्मद झकेरिया यांचा जन्म १९४२ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. तरुणपणीं ते यंत्रकारागिराचें काम करीत. मोरोक्कोच्या प्रवासांत त्यांस इस्लामाची व अरबी लिपीची ओढ लागली आणि पुढें त्यांनीं तो धर्म स्वीकारला. अक्षर शिकण्यासाठीं त्यांनीं इस्तंबूलच्या उस्तादांचें शिष्यत्व पत्करलें, आणि १९८८ सालीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांस सुलेखनाची सनद मिळाली. आमचे कांहीं विद्यार्थी दोन पानें शुद्धलेखन काढतांच हात दुखतो म्हणून तक्रार करितात, म्हणून हा आंकडा आम्हीं मुद्दाम दिला.

तिकिटावरील वळणास सुलुस म्हणतात. तें लिहिण्यास पोलादी टाक चालत नाहीं. आपल्याकडे पूर्वीं मोडी गिरविण्यास घेत तसा बोरूच लागतो. झकेरिया यांनीं मुरवलेल्या बोरूंच्या व बांबूच्या लेखण्या आणि हातानें केलेली काळी शाई वापरली. कागदास प्रथम खळ दिली, मग तुरटी व अंड्याचा पांढरा बलक यांचे तीन हात दिले, अकीकाच्या दगडानें तो घोटला, आणि वर्षाहून अधिक काळ तसाच मुरत ठेविला. इतकें झाल्यावर त्यावर दोन शब्द लिहिले! निळा व सोनेरी रंग मात्र मागाहून संगणकावर भरले. पण जुन्या सुंदर हस्तलिखितांची आठवण व्हावी म्हणूनच ते निवडलेले होते.

हें तिकीट निघावें म्हणून अमेरिकेंतील मुसलमानांनीं कित्येक वर्षें खटपट केली होती, आणि शाळेंतील मुलांनींही पत्रें लिहिलीं होतीं. ख्रिस्ती सणाचें तिकीट तेथें १९६२ पासून आहे. दारावरील हिरवी माळ आणि दोन मेणबत्त्या असें तें पहिलें नाताळचें तिकीट. ३५ कोटी छापलीं तीं पुरलीं नाहींत, वर्षअखेर आंकडा १०० कोटींवर गेला. तरी त्यावरही आक्षेप निघालेच. आणि १९६६ सालीं माता मरियेचें व बालकाचें चित्र निघालें, तेव्हां सरकारनें धर्माची बाजू घेतली अशी पुष्कळांनीं ओरड केली. यहुद्यांच्या हनुक्काचें तिकीट १९९६ सालीं आलें. म्हणजे ईदचें तिकीट हा कांहीं नवा पायंडा नव्हता.

परंतु तें निघून दहाच दिवस झाले होते, तोंच ११ सप्टेंबर उजाडला. न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले; त्या दिवशीं सुमारें तीन हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि मारेकरी स्वतःस मुसलमान म्हणवीत होते. पाठोपाठ विषारी जंतूंची पूड घातलेलीं पत्रें टपालांतून जाऊं लागलीं, त्यामुळें लोक पाकीट उघडण्यासही भ्याले. अशा वेळीं ‘ईद मुबारक’ हें तिकीट कांहींच्या डोळ्यांत सलूं लागलें. तें विकत घेऊं नका, अशीं ई-मेल पत्रें घरोघर फिरलीं. तें मागें घ्या, किंवा त्यावर पडत्या मनोऱ्यांचें चित्र छापा, अशाही सूचना झाल्या. शोकांत असलेल्या माणसाच्या तोंडून कठोर शब्द निघतो, हें आम्ही जाणतों. पण ज्या मुलांनीं पत्रें लिहिलीं होतीं, त्यांचा ह्यांत काय अपराध होता? नाताळच्या तिकिटावर कोणी एखाद्या ख्रिस्ती म्हणविणाऱ्या खुन्याच्या कृत्याचें चित्र छापूं म्हणेल, तर आम्हांस कसें वाटेल, हा प्रश्न आम्हीं आमच्या मनास विचारून पाहिला आहे.

टपालखात्यानें तिकीट मागें घेतलें नाहीं. पुढील वर्षीं टपालाचा दर वाढला, तेव्हां ऑक्टोबर २००२ मध्यें तेंच तिकीट ३७ सेंटांचें होऊन पुन्हां निघालें. मग २००६ सालीं ३९, २००७ सालीं ४१, २००८ सालीं ४२ व २००९ सालीं ४४. हीं सर्व वहींत एका ओळींत लावलीं तर अक्षर तेंच, निळाई तीच, केवळ आंकडा बदललेला दिसतो. २०११ सालीं जमीन तांबडी झाली आणि २०१३ सालीं हिरवी. त्या दोहोंवर आंकडाच नाहीं, कारण दर कितीही वाढला तरी तीं तिकिटें चालतात. संग्रह करणाऱ्यांनीं ह्यापुढें एक घर मोकळें ठेवावें : २०१६ सालीं त्याच खात्यानें दिवाळीचें तिकीट काढलें, त्यावर तेवती पणती आहे.