साडेआठला अडणारा फोन

गेल्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून पार्सिपनीला आले. बाबांचा फोन अँड्रॉइड, ३ जीबी रॅमचा, चार वर्षं वापरलेला. जेवणं उरकून ते सोफ्यावर बसले की फोन अडायला लागायचा. आकडा दाबला की तो तीन-चार सेकंदांनी उमटायचा. मागची बाजू नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखी गरम. एका रात्री मुदत ठेवीच्या नूतनीकरणाचा ओटीपी आला आणि बाबा तो टाकेपर्यंत वेळ संपली. तीनदा असं झाल्यावर बँकेच्या ॲपने त्या दिवसापुरतं दार लावून घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि झोपायला गेले.

मी संगणकाच्याच क्षेत्रात काम करते. नवा फोन आणणं सोपं होतं. पण जन्मभर स्वतःचे व्यवहार स्वतः केलेल्या माणसाने तो फोन पालथा ठेवला होता, आणि मला तोच फोन त्यांच्या हातात पुन्हा चालता द्यायचा होता. त्या आठवड्यात जे उमगलं, ते इथे मांडते आहे.

१. फोन केव्हा मंद होतो, ते आधी बघावं.
चार दिवस मी एका कागदावर वेळा लिहिल्या. दुपारी लेक हायवाथाला भाजी आणायला जाताना फोन व्यवस्थित. संध्याकाळी फिरताना व्यवस्थित. रात्री साडेआठ ते अकरा मात्र रोज तीच रड. कागदाकडे बघून आई म्हणाली, "अगं, घरी सकाळी सकाळी असंच व्हायचं." तिथे धागा सापडला. उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे साताऱ्यात पहाटेचे सहा. निवृत्त शिक्षकांचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, भजनी मंडळ, सोसायटी, सगळ्यांचं सुप्रभात त्याच वेळी सुरू होतं. फुलं, सूर्योदय, विठ्ठलाचे फोटो, दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.
पहिल्या रात्री व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं. फोन सुरळीत. दुसऱ्या रात्री ते चालू ठेवून फोनातल्या सगळ्या सुरक्षा ॲपची अखंड तपासणी बंद केली. तरीही सुरळीत. तिसऱ्या रात्री दोन्ही चालू केली आणि नऊ वाजता फोन पुन्हा गरम. फोटो एकटे दोषी नव्हते, सुरक्षा ॲपही एकटी नव्हती. नवी फाइल आली की ही ॲप ती लगेच उघडून तपासतात. पाऊण तासात दोनशे फाइली आल्या, तर प्रत्येकाच्या दोनशे तपासण्या होतात. त्यात ६४ जीबीची जागा जवळजवळ भरलेली, रॅम तुटपुंजी. बोटाच्या स्पर्शाला उत्तर द्यायला फोनकडे उसंतच उरत नव्हती. पहिल्याच दिवशी घाईने सगळं पुसून टाकलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं.

३. राखणदार, म्हणजे सुरक्षा ॲप, किती आहेत ते मोजावं.
बाबांच्या फोनात तीन निघाले. एक फोनबरोबर आलेला, एक दुकानदाराने घालून दिलेला आणि एक भाच्याने काळजीपोटी टाकलेला. शिवाय गुगलचं प्ले प्रोटेक्ट आहेच, ते प्ले स्टोअर असलेल्या फोनांत मुळातच असतं. एकाच फाइलवर ही तिन्ही ॲप एकामागून एक हात फिरवत होती.

बाबांचा या ॲपवरचा विश्वास कुठून आला, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे अँटीव्हायरस घरोघरी पोचवला तो पुण्याने. कैलास काटकरांनी कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. बाबांच्या शाळेतला कॉम्प्युटर त्यानेच कितीदा तरी वाचवला. (फोनातली ही तिन्ही ॲप वेगळ्याच कंपन्यांची होती.) पण तेव्हाच्या विंडोजवर कुठलाही प्रोग्रॅम कुठल्याही फाइलला हात लावू शकायचा, म्हणून सगळीकडे नजर ठेवणारा पहारेकरी लागायचा. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतःची खोली असते आणि शेजारच्या खोलीत डोकावता येत नाही. सुरक्षा ॲपलाही नाही. त्याला दिसतात ते घातलेली ॲप, सर्वांसाठी मोकळ्या जागेतल्या फाइली आणि परवानगी दिली तर आपण उघडतो त्या लिंक. आयफोनवर तर ते दुसऱ्या ॲपची तपासणी करूच शकत नाही.

आणि सगळी सुरक्षा ॲप सारखी नसतात. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थेने २०१९ मध्ये २५० अँड्रॉइड अँटीव्हायरस तपासले. आदल्या वर्षी सर्रास आढळलेली २,००० घातक ॲप त्यांच्यासमोर ठेवली. त्यांतली ३० टक्क्यांहून जास्त पकडणारे आणि चांगल्या ॲपवर खोटा आळ न घेणारे फक्त ८० निघाले. २०१४ मध्ये तर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं विकतचं ॲप प्ले स्टोअरच्या यादीत वर पोचलं होतं. ते फक्त फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवायचं, बाकी काही नाही. लोकांच्या भीतीवर असा धंदा होतो, याची मला मनापासून चीड येते.

४. सेफ मोड करून बघावा.
बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवरच्या पर्यायांतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की सेफ मोड विचारला जातो. त्यात आपण डाउनलोड केलेली ॲप चालत नाहीत. तिथे फोन चपळ वाटला, तर खोट अशाच एखाद्या ॲपमध्ये आहे. आधी पहिल्या पानाचा फोटो मात्र काढून ठेवावा, कारण विजेट कधीकधी निघून जातात.

५. दोन परवानग्या आवर्जून बघाव्यात.
पहिली ॲक्सेसिबिलिटीची. ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी केलेली ही सोय पडद्यावरचं सगळं वाचू शकते. पडदा हलला की खबर त्या ॲपला जाते, म्हणून सरकवताना फोन अडखळू शकतो. काही बँकांची ॲप अशी परवानगी बघूनच उघडायला नकार देतात. दुसरी व्हीपीएनची. ‘वेब सुरक्षा’ या नावाखाली पुष्कळ ॲप फोनातला सगळा इंटरनेटचा प्रवाह स्वतःतून गाळून घेतात. वर छोटी किल्ली दिसते ती याचीच. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं, म्हणून अशी दोन ॲप असली की एक दुसऱ्याला ढकलून देतं आणि मधेच नेट तुटतं.

६. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल, तर ॲपने डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असू शकतो. सेटिंगमध्ये तो आधी काढून घ्यावा. ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. बाबांची तशी एक चालूच होती.

७. ॲप काढलं, तरी भीती मागे राहते.
मला हे उशिरा सुचलं. दुकानदाराचं आणि भाच्याचं ॲप काढलं, आपोआप डाउनलोड बंद केलं, नको ते व्हिडिओ पुसून जागा मोकळी केली. ओटीपी पहिल्या फटक्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "आता राखण कोण करतंय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्या एका सहकाऱ्याला ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमकीचा फोन येऊन गेला होता. मी शेजारी बसून प्ले प्रोटेक्ट उघडून दाखवलं, शेवटची तपासणी केव्हा झाली ती वेळ दाखवली, अपडेट कुठे येतात ते दाखवलं. आणि हेही सांगितलं की पोलीस असल्याचं भासवून येणारा फोन कुठलंच ॲप अडवेल अशी खात्री नाही; तिथे फोन ठेवून देणं आणि भारतातल्या सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवणं, एवढंच कामाचं. बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात ते सगळं वहीत उतरवून घेतलं: एपीके फाइल (म्हणजे फोनात ॲप घालणारी फाइल) उघडायची नाही, पडदा कुणाला दाखवायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही, शंका आली तर आधी लेकीला फोन.

ऑक्टोबरात ते परत गेले. परवा रात्री अकराला माझा फोन वाजला. तिकडे सकाळ झाली होती.

"ग्रुपवर लग्नाची पत्रिका आली आहे. नावापुढे एपीके लिहिलंय. मी उघडलेली नाही."

"बरं केलंत, बाबा."

"ग्रुपवर सगळ्यांना सांगू का?"

"आत्ताच सांगा."