बॅग टांगण्याआधी

घरी पंचिंग बॅग घ्यायची असेल, तर दुकानात जायच्या आधी स्टुलावर चढून छत बघा. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे की उघडा स्लॅब? बीम कुठून जातो? त्याच जागी वरच्या मजल्यावर कुणाचं न्हाणीघर आहे का? एवढं कळल्याशिवाय बॅगेचा रंग, किंमत, कंपनी यातलं काहीही ठरवू नका, असं मी भेटेल त्याला सांगते. कारण माझ्या घरात बॅग भिंतीतून निघून खाली आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, हा केवळ योग होता.

मी बँकेच्या शाखेत काम करते. चाळिशी ओलांडल्यावर रक्तदाब वाढायला लागला, डॉक्टरांनी रोज घाम येईल असा व्यायाम सांगितला आणि शाखेतून घरी पोचेपर्यंत फिरायला जायची वेळ उलटून गेलेली असायची. घरातल्या घरात अर्ध्या तासात दम काढणारं काहीतरी हवं होतं. दुकानदारानं बॅग दाखवली, वजन भरपूर असावं म्हणून वाळू भरून दिली, सोबत भिंतीला लावायचं ब्रॅकेट दिलं आणि फिटरही पाठवला. बॅग कुठल्या भिंतीवर लागणार, ती भिंत कशाची आहे, हे ना दुकानदारानं विचारलं ना फिटरनं. आमची भिंत सिपोरेक्स ब्लॉकची. त्यानं नेहमीचे प्लग ठोकले, स्क्रू पिळले आणि निघून गेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नव्या इमारतींत आतल्या भिंती याच ब्लॉकच्या असतात. हा ब्लॉक हलका, कारण त्यात हवेची बारीक छिद्रं असतात. फोटोची फ्रेम, छोटी फळी तो आरामात पेलतो. बॅगेचं ब्रॅकेट मात्र भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आलेलं असतं, त्यामुळे बॅगेचं वजन वरच्या बोल्टना सरळ बाहेर ओढतं. त्यात बॅग स्थिर नसते. तीस किलोची बॅग झुलते आणि साखळी ताणून थांबते, तेव्हा बसणारा हिसका तीस किलोपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो रोज, शेकडो वेळा, कधी या बाजूला कधी त्या बाजूला बसतो. बोल्टभोवतीचा ब्लॉक आतल्या आत भुगा होत जातो आणि बाहेरून प्लास्टरला साधी चीरही दिसत नाही.

म्हणून टांगायची असेल तर आरसीसीच्या स्लॅबला किंवा बीमला, तेही अँकर फास्टनरनं, चार बोल्टची प्लेट लावून. भोक पाडण्याआधी बांधकामातल्या जाणकाराला दाखवा, कारण स्लॅबमधून विजेच्या वायरींचे पाइप गेलेले असतात आणि बीमच्या सळईला ड्रिल लागता कामा नये. वर न्हाणीघर असेल तर ती जागा सोडूनच द्या. पंख्याच्या हुकाला बॅग अडकवलेली मी दोन घरांत पाहिली आहे आणि दोन्हीकडे हात जोडून ती उतरवायला लावली. तो हूक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी असतो. साखळी आणि हूक यांच्या मध्ये एक जाड स्प्रिंग घाला. हिसका कमी होतो आणि वरच्या घरात जाणारा धप्-धप् आवाजही बराच उतरतो. स्लॅबला टांगलेल्या बॅगेचा त्रास वरच्या शेजाऱ्यांना आधी होतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सकाळी सहाला सुरू करणार असाल तर त्यांना आधी विचारा.

भाड्याच्या घरात, किंवा भिंत-छत दोन्ही बेभरवशाचं असेल तिथे, जमिनीवर उभी राहणारी बॅग बरी. तिच्या तळाच्या टाकीत पाणी किंवा वाळू भरतात. कोरडी वाळू तेवढ्याच जागेत पाण्याच्या साधारण दीडपट वजन देते, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीत पाण्याचे शंभर किलो होतात, तर वाळूचे दीडशेच्या घरात जातात. पाण्यावरची बॅग गुळगुळीत टाइल्सवर सरकत जाते, वाळूची कमी सरकते. दोन्हीखाली जाड रबरी मॅट हवीच, कारण हिचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून आखतात, त्यामुळे तिच्याशेजारी पुस्तकांनी भरलेलं कपाट किंवा आणखी वजनं उभी करू नका.

वाळू उभ्या बॅगेच्या तळाला चालते, टांगायच्या बॅगेत मुळीच नको. माझं मनगट सुजलं ते वाळूमुळे. वाळू हळूहळू खाली बसते, बॅगेचा वरचा भाग पोकळ होतो आणि खालचा दगडासारखा. आपण त्याच विश्वासानं ठोसा मारतो आणि कधी तो खोल जातो, कधी हाडावर परत येतो. बॅग रिकामीच विकत घ्या. मेरठ आणि जालंधर ही आपल्याकडची खेळाच्या सामानाची मोठी केंद्रं, आणि रिकाम्या बॅगा सर्रास मिळतात. भरायला शिंप्याकडची कात्रणं आणि घरातले जुने सुती कपडे सगळ्यांत चांगले. बटणं, चेन, हूक कापून टाका, कापड लहान तुकड्यांत फाडा आणि थोडं थोडं घालून प्रत्येक थर काठीनं ठासत जा. भरायला अख्खी दुपार जाते, पण वरपासून खालपर्यंत एकसारखी बॅग हाताला कशी लागते, हे एकदा अनुभवलं की त्या दुपारचं काही वाटत नाही. वजन आपल्या वजनाच्या साधारण निम्मं असावं. नुसते ठोसे मारायचे तर चार फुटी पुरे, लाथाही मारायच्या असतील तर पाच-सहा फुटी. कॅनव्हास किंवा चांगलं जाड रेक्झिन, काहीही चालेल.

हाताकडे मात्र दुर्लक्ष नको. साडेचार मीटरची सुती पट्टी मनगटाभोवती, मग बोटांच्या सांध्यांवरून बांधायची आणि त्यावर ग्लोव्ह्ज घालायचे. घरच्या सरावाला बारा औंसाचे ग्लोव्ह्ज बहुतेकांना पुरतात, म्हणजे एकेक सुमारे ३४० ग्रॅमचा. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसला पाहिजे आणि मनगट कोपरापासून सरळ रेषेत. करंगळीच्या बाजूनं मारणाऱ्याचं तळव्यातलं हाड करंगळीच्या सांध्यालगत मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, पण ते बहुधा न शिकलेल्या माणसाला, बरेचदा रागात भिंतीवर मारल्यामुळे होतं. यातलं काहीच व्हिडिओ बघून येत नाही. जवळच्या क्लबात महिनाभर जा, प्रशिक्षकाकडून उभं राहायला, मनगट धरायला आणि प्रत्येक ठोशाला श्वास सोडायला शिका, मगच खरेदीचं बघा. रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरू करावं आणि श्वास कोंडून कधीच मारू नये. पावसाळ्यात ग्लोव्ह्ज बॅगेत बंद करून ठेवले की बुरशी धरते. ते पंख्याखाली उघडे ठेवा, पट्ट्या रोज धुवा.

ताण घालवण्यासाठी म्हणून बॅग घेणाऱ्यांना मला यापेक्षा महत्त्वाचं सांगायचं आहे. विक्रीच्या वेळी एकच गोष्ट कानावर पडते, की ज्याचा राग आहे त्याला बॅगेच्या जागी उभं करा आणि हाणा. मीही शाखेतल्या एका वरिष्ठांचा चेहरा समोर ठेवून हाणत होते. घाम यायचा, हात थरथरायचे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच संभाषण पहिल्यापेक्षा जोरात डोक्यात चालू व्हायचं. पुढे वाचनात ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा २००२ सालचा प्रयोग आला. त्यांनी सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. मग काहींना ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅग मारायला सांगितली, काहींना तब्येत सुधारण्याचा विचार करत, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं शांत बसवलं. चिडवणाऱ्याला आठवत मारणाऱ्यांचा राग सगळ्यांत जास्त निघाला आणि नुसत्या बसलेल्यांचा सगळ्यांत कमी. २०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यातही हेच दिसलं: श्वास, ध्यान, विश्रांती अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, छाती धडधडवणाऱ्या व्यायामानं राग म्हणून राग उतरत नाही.

म्हणून बॅग निरुपयोगी ठरत नाही. माझा रक्तदाब आणि माझी झोप तिच्यामुळे सुधारली, पण चेहरा बाजूला ठेवल्यावर. आता मी घड्याळ लावते. तीन मिनिटं मारायचं, एक मिनिट थांबायचं, अशा तीन-चार फेऱ्या. लक्ष पायांवर, खांद्यावर, मोजणीवर. शेवटच्या फेरीनंतर पट्ट्या सोडत जमिनीवर बसायचं आणि श्वास पूर्ववत होईपर्यंत फोन उचलायचा नाही. घरून निघताना कुणाशी वाजलं असेल तर त्या दिवशी बॅग नाही, सरळ चालायला जाते.

हल्ली ओळखीतले आईवडील विचारतात, मुलगा फार चिडतो, दारं आपटतो, त्याच्या खोलीत बॅग टांगून देऊ का? मी नाही म्हणते. बंद खोलीत, एकट्यानं, रागाच्या भरात हाणायची सवय त्याला लावू नका. त्याला क्लबात घाला, जिथे शिट्टी वाजली की हात खाली घ्यावे लागतात आणि समोरच्याला लागलं तर थांबून विचारावं लागतं. सहा महिन्यांनी त्यानं स्वतःहून घरी बॅग मागितली, तर त्याच्याबरोबर बसून कात्रणं फाडा. आणि तोवर तो कशानं चिडतो, हे त्याला निवांत विचारा.