हायब्रिड रॉकेट घरी बनवावे का?

प्रश्न : हायब्रिड रॉकेटमध्ये दारू भरलेली नसते. मग त्याची मोटर घरी बनवणे सुरक्षित आहे ना?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपला समज अर्धाच खरा आहे. या मोटरमध्ये रबर किंवा मेणासारखे घन इंधन आणि ऑक्सिडायझर, म्हणजे ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, वेगवेगळे ठेवल्याने साठवणुकीतील धोका घटतो. परंतु ऑक्सिडायझर म्हणून बहुधा वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड २० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे पन्नासपट दाबाखाली असतो आणि उष्णतेमुळे, किंवा नळीत राहिलेल्या तेलाच्या अंशामुळेही, त्याचे स्फोटक विघटन होऊ शकते. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील मोहावी येथे इंधन न पेटवता केलेल्या याच पदार्थाच्या प्रवाह-चाचणीतच स्फोट होऊन तिघांचा मृत्यू झाला. म्हणून मोटर घरी बनवू नये. पाण्याच्या रॉकेटपासून आरंभ करावा आणि पुढे महाविद्यालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करावे. जिज्ञासा मात्र जपावी.